फ्राय हुआन बेर्मूदोचा वाद्यग्रंथ (१५५५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये एका फ्रान्सिस्कन साधूने संगीतशास्त्रावर लोकांच्या भाषेत एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याबद्दल गिटार, सतार, पेटी वाजवणारे मराठी वाचक जे विचारतात, त्याची ही उत्तरं. काही लांबली आहेत, पण ग्रंथाचा खरा जीव तिथेच आहे.

हा ग्रंथ नेमका कोणता?

ग्रंथाचं नाव ‘देक्लारासियोन दे इन्स्त्रुमेन्तोस मुसिकालेस’, म्हणजे वाद्यांचं स्पष्टीकरण. तो १५५५ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या ओसूना या गावी हुआन दे लेओन या मुद्रकाने छापला. भाषा कास्तियन, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती. त्याआधी १५४९ मध्ये याच नावाचा पहिला भाग निघाला होता आणि १५५० मध्ये ‘आर्ते त्रिफारिया’ नावाचं एक छोटं पुस्तक. १५५५ च्या ग्रंथात या दोन्हींतला बराच मजकूर वाढवून, सुधारून घेतला आहे. त्यामुळे कुणी नुसतं ‘बेर्मूदोचं पुस्तक’ म्हणालं की कोणत्या सालचं, ते आधी विचारून घ्यावं.

बेर्मूदो कोण होता?

जन्म साधारण १५१० चा, आंदालुसियातल्या एसिहा गावचा. तरुणपणीच फ्रान्सिस्कन संघात गेला, अल्काला दे एनारेसच्या विद्यापीठात गणित शिकला आणि मग धर्मप्रवचनं करू लागला. पुढे दीर्घ आजारपण आलं, प्रवचनं थांबली. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने संगीतावरची पुस्तकं वाचायला घेतली आणि त्यातूनच त्याचं लेखन उभं राहिलं. १५६० मध्ये संघाच्या आंदालुसिया प्रांतात त्याला जबाबदारीचं पद मिळाल्याची नोंद आहे.

गणित शिकलेला, हाताशी वाद्य असलेला आणि समजावून सांगायची सवय असलेला हा माणूस. ग्रंथ वाचताना या तिन्ही गोष्टी पानोपानी जाणवतात.

स्पॅनिशमध्ये संगीतावर लिहिलेला हा पहिलाच ग्रंथ का?

नाही. फेर्नांद एस्तेबानने १४१० मध्ये सेव्हिलमध्ये चर्चच्या गायनाचे नियम कास्तियनमध्ये लिहिले होते, ते हस्तलिखित आहे. छापील पुस्तकांत मान जातो दोमिंगो मार्कोस दुरानच्या ‘लुक्स बेया’ला. ते १४९२ मध्ये सेव्हिलला छापलं. त्याच वर्षी नेब्रिहाचं कास्तियन भाषेचं व्याकरणही निघालं. लोकभाषेला शास्त्र पेलतं, असा विश्वास त्या काळात येऊ लागला होता.

पण ही आधीची पुस्तकं बहुतेक चर्चमधल्या गायकांसाठी होती. वाद्यं, त्यांची जुळणी, पडदे कुठे बांधायचे, लिहायचं कसं, शिकायचं कसं, हे सगळं एवढ्या विस्ताराने स्पॅनिशमध्ये पहिल्यांदा बेर्मूदोने मांडलं.

लॅटिन सोडून लोकभाषेत लिहिण्याचं कारण?

ज्यांच्यासाठी लिहायचं होतं, त्यांना लॅटिन येत नव्हतं. विउएला हे गिटारसारखं तारवाद्य वाजवणारे, गावातल्या चर्चचे ऑर्गनवादक, मठातल्या साध्वी हा त्याचा वाचकवर्ग. ‘आर्ते त्रिफारिया’ तर मोंतिया इथल्या सांता क्लारा मठाच्या प्रमुख इसाबेल पाचेको यांच्या विनंतीवरून, त्यांच्या भाचीच्या शिक्षणासाठी लिहिलेलं आहे.

त्याच्या मनात आणखी एक खंत होती आणि ती त्याने उघड मांडली आहे. मोठे वादक आपली गुपितं कुणाला सांगत नाहीत. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याची विद्याही एका क्षणात जाते, आणि हे रडण्यासारखं आहे, असं तो म्हणतो. ‘ही चीज बाहेर द्यायची नाही’ हे ज्याने कधी ऐकलं असेल, त्याला हा साधू कशाने अस्वस्थ झाला होता ते वेगळं सांगायला नको. त्याचं सगळं लेखन म्हणजे त्या अस्वस्थतेला दिलेलं उत्तर आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ग्रंथात काय काय आहे?

शीर्षकपानावर सहा भागांचं वचन आहे, छापले गेले पाच. पहिल्यात संगीताची थोरवी. दुसरा नवशिक्यांसाठी. तिसऱ्यात चर्चचं साधं गान आणि अनेक आवाज गुंफलेलं गान. चौथा वाद्यांचा: कळफलकाची वाद्यं, विउएला, गिटार, बांदुरिया, हार्प. पाचवा रचना कशी करावी याचा.

वेळ कमी असेल तर सरळ चौथा भाग उघडावा. पहिल्या भागातली स्तुती त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आहे. जुन्या आचार्यांची वचनं एकामागून एक येतात आणि आजच्या वाचकाचा तिथे दम निघतो.

‘संगीताचं शास्त्र’ म्हणजे त्याला काय अभिप्रेत होतं?

मध्ययुगीन युरोपात संगीत ही गणिताची शाखा मानली जाई. अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत ही चार भावंडं. सहाव्या शतकातल्या बोएथियसने घालून दिलेली ही चौकट हजार वर्षं टिकली. तिच्यात स्वरांची गुणोत्तरं जाणणारा तो खरा संगीतज्ञ, आणि गाणारा-वाजवणारा खालच्या पायरीवरचा.

बेर्मूदो ही चौकट मोडत नाही. गुणोत्तरांवर त्याची श्रद्धा आहे. पण तो ती गुणोत्तरं वाद्याच्या दांडीवर आणून ठेवतो. शास्त्र बोटापर्यंत पोचलं पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे आणि ग्रंथाचं मोलही त्यातच आहे.

पडद्यांचं गणित जरा उलगडून सांगाल का?

जरूर. हाच भाग सर्वात रसाळ आहे.

विउएलाचे पडदे धातूचे नसत. आतड्याची तात दांडीभोवती गुंडाळून गाठ मारलेली असे, म्हणजे सतारीच्या पडद्यासारखा तो सरकवता येई. प्रश्न एवढाच, की बांधायचा कुठे.

साठ सेंटीमीटर लांबीची तार घ्या. बेर्मूदोच्या पायथागोरियन पद्धतीत, म्हणजे पंचमाच्या गुणोत्तरावरून बाकीचे स्वर काढण्याच्या पद्धतीत, पंचम म्हणजे तारेचे दोन तृतीयांश: मेरूपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) २० सेंटीमीटरवर पडदा. शुद्ध मध्यम म्हणजे तीन चतुर्थांश: १५ सेंटीमीटरवर. एक पूर्ण स्वर (सा ते रे एवढं अंतर) म्हणजे आठ नवमांश: साधारण ६.७ सेंटीमीटरवर. इथपर्यंत कंपास घेऊन कुणीही बसलं तरी जमेल.

अडचण पहिल्याच पडद्यावर येते. या पद्धतीत पूर्ण स्वराचे दोन समान अर्धे होतच नाहीत. एक अर्धस्वर लहान, २५६ ला २४३ या गुणोत्तराचा, आणि दुसरा मोठा. लहान अर्धस्वर हवा असेल तर पडदा मेरूपासून ३.०५ सेंटीमीटरवर येतो, मोठा हवा असेल तर ३.८१ सेंटीमीटरवर. फरक पाऊण सेंटीमीटरचा. कानाला तो लगेच टोचतो.

आता विउएलाच्या सहा तारा आपल्या सरगममध्ये मांडू. मंद्रापासून वर: प, सा, म, ध, रे, प. पहिल्या पडद्यावर ध च्या तारेतून कोमल नी मिळायला हवा आणि रे च्या तारेतून कोमल ग. या दोन्हींना लहान अर्धस्वर लागतो. त्याच पडद्यावर म च्या तारेतून तीव्र म हवा, आणि त्याला मोठा अर्धस्वर लागतो. पडदा मात्र एकच, सरळ आडवा, सहाही तारांखालून जाणारा. एका तारेला न्याय दिला की दुसरीवर अन्याय होतो.

वादकांना हे कानाने माहीत होतंच. लुईस मिलानने १५३६ च्या आपल्या विउएलाच्या पुस्तकात काही रचनांआधी चौथा पडदा खुंट्यांकडे जरा सरकवायला सांगितलं आहे. असं का करायचं, ते बेर्मूदोने अंकांत दाखवलं.

मग त्याने उपाय काय दिला?

एक नाही, अनेक. वाजवायच्या रचनेत कोणते स्वर लागतात ते आधी पाहा आणि त्याप्रमाणे पडदा लहान किंवा मोठ्या अर्धस्वरावर बांधा, हा एक. दुसरा उपाय मनातल्या मनात करायचा. हातातली विउएला अमुक स्वरात जुळवलेली आहे अशी कल्पना करायची, मग रचनेतले अवघड स्वर सोयीच्या जागी पडतात. त्यासाठी वेगवेगळ्या स्वरांत जुळवलेल्या विउएलांच्या आकृत्याच त्याने काढून दिल्या आहेत. वाद्य तेच असतं, बदलते ती वादकाची नजर. आणि पुढे जाऊन तो शुद्ध गुणोत्तरांना किंचित मुरड घालणारी पडद्यांची मांडणीही सांगतो, म्हणजे सगळ्या जागा निदान वापरण्याजोग्या होतील.

गुणोत्तरांवर एवढी निष्ठा असलेला माणूस वाद्यापुढे नमतं घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याचा गांधार आपल्या गांधारासारखाच होता का?

सिद्धांतात नाही. पायथागोरियन गांधार ८१ ला ६४ या गुणोत्तराचा, म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या ५ ला ४ च्या गांधारापेक्षा किंचित चढा. हा ५ ला ४ चा गांधार शास्त्रात आणावा, असं रामोस दे पारेहा या स्पॅनिश पंडिताने १४८२ मध्येच बोलोन्यात छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात म्हटलं होतं आणि त्यावरून मोठा वाद पेटला होता. बेर्मूदो इथे जुन्या मताला धरून राहिला.

विउएला म्हणजे गिटारच ना?

दोन्ही एकाच घरातली वाद्यं. विउएला दिसायला गिटारसारखी, पण तिच्या तारांच्या बहुधा सहा जोड्या. जाणकारांचं, दरबारातलं वाद्य. गिटार तेव्हा लहान, चार तारगटांची. बेर्मूदो दोघींचं नातं एका वाक्यात सांगतो: विउएलाची पहिली आणि सहावी काढा, उरलेल्या चार म्हणजे गिटार.

त्याने गिटारच्या दोन जुळण्या दिल्या आहेत, जुनी आणि नवी. नव्या जुळणीत तारांमधली अंतरं मध्यम, गांधार, मध्यम अशी आहेत. आज घरात गिटार असेल तर वरच्या चार तारा वाजवून पाहा, अंतरं हीच. जुनीत सर्वात खालची तार एक स्वर उतरवलेली. स्पेनमध्ये पाच तारांची गिटारही पाहिल्याचं तो नोंदवतो. पुढच्या शतकात तीच गाजली आणि विउएला मागे पडली. आज अस्सल जुन्या विउएला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

नव्या वादकाला तो काय सांगतो?

घाईने स्वतःचं वाजवू नकोस, असं. आधी चांगल्या संगीतकारांच्या गायनरचना घ्या, त्या आपल्या वाद्यावर उतरवा, हाताने लिहून काढा. क्रमही ठरवून दिला आहे. सुरुवात हुआन वास्केसच्या सोप्या गीतांपासून. मग जोस्कँ आणि क्रिस्तोबाल दे मोरालेस यांच्या मोठ्या रचना. गोम्बेर सर्वात शेवटी, कारण त्याच्या रचनेत आवाज सतत एकमेकांत गुंतलेले असतात, मध्ये श्वास घ्यायला जागा नसते आणि त्या वाद्यावर बसवणं कठीण जातं. मनधर्माचं वादन या सगळ्यानंतर.

आपल्याकडे बंदिशी पुरेशा झाल्याशिवाय आलापाला हात घालू देत नाहीत, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही.

लुदोविको नावाच्या हार्पवादकाचा उल्लेख वारंवार वाचायला मिळतो. तो काय आहे?

तेव्हाच्या हार्पला तारांची एकच रांग असे आणि त्या सगळ्या शुद्ध स्वरांच्या. तीव्र-कोमल स्वर लागला की वादक अडायचा. बेर्मूदो सांगतो की राजा फेर्नांदोच्या काळात लुदोविको नावाचा वादक होऊन गेला. वाक्याच्या मुक्कामाला अर्धस्वर चढवायची वेळ आली की तो तारेखाली बोट लावून तिची लांबी तेवढीच आखूड करायचा आणि हवा तो स्वर काढायचा.

आलोन्सो मुदाराने १५४६ मध्ये याच लुदोविकोच्या शैलीची नक्कल करणारी विउएलाची एक रचना छापली. शास्त्रीय गिटार वाजवणारे ती आजही आवडीने वाजवतात. तिच्यातले कर्कश वाटणारे स्वर ऐकताना त्या हार्पवादकाचं बोट डोळ्यांपुढे आणावं. वाद्यावर करायची ही बारीक युक्ती बेर्मूदोने कागदावर उतरवली नसती, तर लुदोविकोचं नुसतं नावच उरलं असतं.

कळफलकासाठी त्याने अंकांची लिपी काढली होती, ती टिकली का?

नाही. त्याने सगळ्या ४२ पट्ट्यांना, पांढऱ्या-काळ्या मिळून, डावीकडून १ ते ४२ असे आकडे दिले. नवशिक्याला सोपं: आकडा बघा, पट्टी दाबा. पण सा आणि वरचा सा यांना वेगळे आकडे पडतात, त्यामुळे स्वरांचं नातं दिसत नाही. दोनच वर्षांनी, १५५७ मध्ये, वेनेगास दे एनेस्त्रोसाने अल्कालाला छापलेल्या पुस्तकात १ ते ७ एवढेच अंक वापरले आणि सप्तक दाखवायला खुणा जोडल्या. अंध ऑर्गनवादक आंतोनियो दे काबेसोनच्या रचना त्याच्या मुलाने १५७८ मध्ये याच लिपीत छापल्या. सरगम लिहिणाऱ्या आपल्याला दुसरी पद्धत का सरस ठरली ते चटकन कळेल.

त्या काळच्या संगीतकारांनी त्याला मानलं का?

हो. रोमला पोपच्या गायकवृंदात दहा वर्षं काढून आलेला मोरालेस तेव्हा मार्चेनाला आर्कोसच्या ड्यूककडे होता. तिथून त्याने ऑक्टोबर १५५० मध्ये शिफारसपत्र लिहिलं. ग्रंथ मोरालेस आणि बेर्नार्दिनो दे फिगेरोआ यांनी तपासून मान्य केल्याचं शीर्षकपानावरच छापलं आहे.

गोव्याशी याचा काही संबंध?

एक धागा आहे, बारीक पण खरा. १५४९ चा पहिला भाग बेर्मूदोने पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला अर्पण केला. १५२१ ते १५५७ या काळात गोव्यावर सत्ता होती ती याच राजाची. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेही त्याच्याच आश्रयाने. त्या दशकांत गोव्यात पाश्चात्त्य चर्चसंगीत रुजू लागलं. बेर्मूदोचं पुस्तक तिथे पोचलं होतं असा दावा मात्र यावरून करू नये.

त्याच सुमारास आपल्याकडे कुणी असं लिहीत होतं का?

लिहीत होतं आणि योगायोग थक्क करणारा आहे. १५५० मध्ये विजयनगरच्या रामरायाच्या आश्रयाने रामामात्याने ‘स्वरमेलकलानिधी’ लिहिला, संस्कृतात. त्यातही वीणेचे प्रकार आणि पडद्यांवरचे स्वर यांचा सविस्तर विचार आहे. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नव्हती. एसिहाचा साधू आणि विजयनगरचा पंडित एकाच दशकात, आपापल्या वाद्याच्या दांडीवर वाकून, स्वराची जागा शोधत होते. रामामात्याचा ग्रंथ आपल्या अभ्यासकांसमोर आणण्यात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा मोठा वाटा आहे.

ग्रंथात उणिवा नाहीत का?

आहेत. पाल्हाळ आहे. एकच मुद्दा दोन-तीन ठिकाणी येतो. पडद्यांच्या मांडण्या इतक्या दिल्या आहेत की वाचक भांबावतो, आणि यातली त्याची स्वतःची पसंती कोणती ते शोधून काढावं लागतं. जाहीर केलेला सहावा भाग छापलाच गेला नाही. पण त्याच्या पाल्हाळातही वादकांची नावं, त्यांच्या युक्त्या, गावोगावची वाद्यं भेटतात. नेटक्या ग्रंथात ती गाळली गेली असती.

त्याच्यानंतर काय झालं?

१५६५ मध्ये तोमास दे सांता मारियाने बायादोलिदला कळफलकावर मनधर्माने वाजवण्याचं शास्त्र छापलं, बोटं कुठली लावायची इथपर्यंत. १५७७ मध्ये सालामांकाचा अंध प्राध्यापक फ्रान्सिस्को दे सालिनास पुन्हा लॅटिनकडे वळला, पण त्याने लोकगीतांच्या चाली लिहून ठेवल्या. आणि १६१३ मध्ये पेद्रो सेरोने या मूळच्या बेर्गामोच्या इटालियन गायकाने नेपल्समध्ये, चक्क स्पॅनिशमध्ये, हजाराहून अधिक पानांचा ‘एल मेलोपेओ’ काढला. आकाराने तो बेर्मूदोच्या कितीतरी पुढे आहे. वादकाच्या हाती काही देण्यात मात्र मी बेर्मूदोलाच वरचं स्थान देईन.

मूळ ग्रंथ पाहायचा असेल तर?

स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात तो घरबसल्या, विनामूल्य पाहता येतो. १९५७ मध्ये जर्मनीतल्या बेरेनराइटरने हुबेहूब प्रत काढली, मोठ्या ग्रंथालयांत ती सापडेल. टंक जुन्या वळणाचा आहे आणि शब्दांची काटछाट भरपूर, त्यामुळे आजचं स्पॅनिश येत असलं तरी पहिली काही पानं अडखळायला होतं. स्पॅनिश येत नसेल तरी चौथ्या भागातल्या विउएलाच्या आकृत्या उघडा. प्रत्येक तारेवर, प्रत्येक पडद्यापाशी स्वराचं नाव लिहिलेलं आहे. शेजारी आपलं वाद्य घेऊन बसलात तर त्या न समजणाऱ्या भाषेतही बरंच वाचता येईल.